शेवटून पहिलं गाणं

सांडूअण्णा वेळ घड्याळात मोजत नसत, अल्बममध्ये मोजत. "मॅडम, अर्धा आल्बम थांबा, तुमची रोपं काढून देतो," असं ते पहिल्याच भेटीत म्हणाले, तेव्हा मला वाटलं, उन्हात बसून बसून माणूस जरा सरकलाय. शाळेच्या आवारात लावायला मोसंबीची चार कलमं हवी होती म्हणून मी केदारखेड्याच्या त्यांच्या नर्सरीत गेले होते. साठीच्या पुढचा माणूस, डोक्याला रुमाल, सदऱ्याच्या खिशात बटणांचा जुना फोन. त्या फोनमधून गिटारी असा काही कल्ला करत होत्या की मी दोन पावलं मागे सरकले. अण्णांचा हात मात्र ढळत नव्हता. जंबेरी लिंबाच्या खुंटाला चाकूनं बारीक छेद, त्यात मोसंबीचा डोळा, वरून प्लास्टिकची पट्टी, गाठ. मग पुढचा खुंट.

"अण्णा, हे काय लावलंय?" मी विचारलं.

"ऐका तर. आपल्याकडचीच पोरं हायत."

मी अर्धा अल्बम थांबले, म्हणजे वीसेक मिनिटं. तेवढ्या वेळात मला काहीही कळलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि गाणं म्हणजे भाजी चिरताना मागे चालू असायची गोष्ट, एवढीच माझी समज. रोपं घेऊन निघाले तर अण्णांनी पैसे हातात घेण्याआधी मला दटावलं, "अर्धं ऐकून उठू न्हाई, मॅडम. अर्धा भरलेला डोळा वाळून जातो." हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं. जेवताना, भांडताना, ग्रामसेवकाचं भाषण चालू असताना सुद्धा.

अल्बमचं नाव 'सतरा मैल'. जिल्ह्यातली चार पोरं संभाजीनगरला इंजिनियरिंग शिकत होती, त्यांनी होस्टेलच्या खोलीत गाद्या भिंतीला लावून तो केला. कुठली कंपनी नाही, जाहिरात नाही. शहरातली मुलं याला इंडी रॉक म्हणतात, असं मला नंतर कळलं. नऊ गाणी केली, नेटवर टाकली आणि चौघं चार नोकऱ्यांना लागले. पुन्हा एकत्र काही वाजवलं नाही. पण ज्यांनी ऐकलं ते त्या नऊ गाण्यांना जे चिकटले ते चिकटलेच.

अण्णांकडे तो आला त्यांच्या मुलामुळे. गजानन त्यांचा एकुलता एक. त्याला कलमं बांधायची नव्हती, पुण्याला जायचं होतं. अण्णा सांगत, "म्या म्हणलो, जा. पर गेलास तर फिरून या घराचा उंबरा बघू नको. रागात माणूस बोलून जातो, मॅडम. त्यानं पण बराबर ऐकलं माझं. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं." गजानन गेला, त्याला तेव्हा पाच वर्षं होऊन गेली होती. जाताना जुना फोन फळीवर राहिला आणि त्या फोनमध्ये ही नऊ गाणी होती. बाकी काही नाही. अण्णांनी ठरवून टाकलं होतं की पोरानं फोन विसरलेला नाही, ठेवलेला आहे.

कारण काय, तर शेवटचं गाणं. त्याचं नाव 'उंबरा'. अल्बमची सुरुवात नुसत्या गोंधळानं होते. ढोल, किंचाळणाऱ्या गिटारी, मोठ्या रस्त्याचा आवाज. मग एकेक गाण्यानं आवाज कमी होत जातो, आणि 'उंबरा'पर्यंत येता येता एकच गिटार उरते. मागे भांड्यांचा आवाज. कुणीतरी म्हातारा, बहुतेक त्या पोरांपैकी कुणाचा तरी आजा, लांबून म्हणतो, "जेवून घे." आणि अल्बम संपतो. "आला का न्हाई घरी?" अण्णा विचारत. "सगळं जग फिरून शेवटाला उंबऱ्यावर आला. म्हातारा रागावला का? न्हाई. जेवून घे म्हणला. माझ्या पोरानं मला सांगून ठेवलंय, मॅडम, तोंडानं बोलायची लाज वाटली म्हणून."

दर रविवारी सकाळी दहाला नर्सरीत बैठक असे. सप्ताहात पोथी लावावी तसा अल्बम लागायचा. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, गाणं पुढे ढकलायचं नाही, आणि शेवटी शेंगदाणे-गूळ. ऐकणारे ठरलेले. नर्सरीत पंचवीस वर्षं काड्या छाटणाऱ्या शांताबाई, रोपं वाहणाऱ्या पिकअपचे मालक सय्यदभाई, आणि तिसरी मी. रोपांना खत विचारायला म्हणून एका रविवारी गेले आणि अडकले. सय्यदभाई गाडीतला स्पीकर काढून आणत आणि फोन त्याला जोडत. ढोलवाल्याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं, "ये आदमी किसी पे तो भी बहुत नाराज है." शांताबाईंना पाचवं गाणं प्रिय, कारण त्यात कुणीतरी पाण्याची रिकामी टाकी वाजवलीय. "आमची टाकी मार्चात अश्शीच वाजती," असं त्या दर वेळी म्हणत, गाणं संपल्यावर. आठवडाभर रस्त्यात भेटले तरी यांची भांडणं त्याच नऊ गाण्यांवरून. तिसऱ्यातला खोकला मुद्दाम घेतलाय की चुकून राहिलाय, यावर सय्यदभाई आणि अण्णा तीन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. मी दोघांच्या मध्ये चहा घेऊन उभी असायची. कळत काहीच नव्हतं, पण रविवार चुकवायचं धाडसही होत नव्हतं.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत मला नको ती बुद्धी झाली. घरी निवांत ऐकावं म्हणून मी माझ्या फोनवर 'सतरा मैल' शोधला. लावला, तर सुरुवातीलाच एकटी गिटार, भांडी आणि "जेवून घे". मला वाटलं, चुकून शेवट लागला. यादी बघितली. 'उंबरा' पहिलं गाणं होतं. गोंधळाचं गाणं नववं, शेवटचं. आमचा अल्बम उलटा होता! अण्णांचा फोन सगळ्यात शेवटी भरलेलं गाणं सगळ्यात वर दाखवायचा. गजाननानं एकापाठोपाठ एक गाणी भरली असणार आणि फोननं ती खालून वर रचली असणार. म्हणजे त्या गाण्यांतला मुलगा घरी येतच नाही. तो घरी जेवतो, उंबरा ओलांडतो आणि लांब लांब जात शेवटी त्या कल्लोळात नाहीसा होतो.

माझी झोप उडाली. हे अण्णांना सांगायचं का? मुलांना मी रोज सांगते की जे खरं आहे ते खरं. पण इथे खरं सांगणं म्हणजे एका बापाच्या हातातून पोराचा निरोप काढून घेणं. आणि न सांगणं म्हणजे दर रविवारी समोर बसून त्यांना फसवणं. पुढच्या रविवारी 'उंबरा' लागलं, अण्णांनी रुमालानं डोळे पुसले आणि माझ्या घशात शेंगदाणा अडकला. शांताबाईंनी पाठीत धपाटा घातला म्हणून वाचले.

अल्बमच्या खाली लोक मतं लिहितात. मी नाव न घालता लिहिलं, "आमच्याकडे दर रविवारी चार जण हा अल्बम उलट्या क्रमानं ऐकतात. एका वडिलांना वाटतं की शेवटी मुलगा घरी येतो. त्यांना सांगावं का?" मला वाटलं, शहाणी माणसं शहाणं उत्तर देतील. छे! तिथे तर युद्धच पेटलं. एकानं लिहिलं, ताबडतोब सांगा, गाणाऱ्यानं लावलेला क्रम मोडणं हा गुन्हा आहे. दुसरीनं लिहिलं, सांगाल तर बघा. तिसऱ्यानं उलटं ऐकून बघितलं आणि पहाटे उठून आईला फोन केला म्हणे. नर्सरीत चार वेडे आहेत असं मी समजत होते, इथे गावोगावचे निघाले. मी आधी होते त्यापेक्षा जास्त गोंधळले.

आणि मग एक उत्तर आलं. "ते मोसंबीची कलमं करतात का? फोनचं मागचं झाकण रबरानं बांधलेलं आहे का?"

मी लिहिलं, "हो."

"गाणी मी घाईत भरली होती. क्रमाचा काही विचार केला नव्हता," त्यानं लिहिलं. थोड्या वेळानं पुन्हा, "त्यांच्याकडे उंबरा शेवटी येतं?"

"हो. दर रविवारी. दहा वाजता लावतात."

त्यानंतर काही नाही. मी अण्णांना हेही सांगितलं नाही. येणार की नाही कुणास ठाऊक, उगाच आशा कशाला लावा? आता माझ्या पोटात एक सोडून दोन गोष्टी होत्या आणि विज्ञानाच्या तासाला मी मुलांना एकच धडा दोनदा शिकवला.

चार रविवार गेले. पाचव्या रविवारी सहावं गाणं चालू होतं तेव्हा फाटकाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. पाठीवर बॅग, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि अण्णांचंच नाक. शांताबाईंनी तोंडावर पदर धरला. सय्यदभाई अर्धवट उठले आणि अण्णांकडे बघून परत बसले. अण्णांनी त्याला बघितलं होतं. मी त्यांच्या शेजारीच होते, त्यांचा चाकू हातात थांबलेला मला दिसत होता. पण ते उठले नाहीत. सातवं गाणं लागलं. आठवं लागलं. मला ओरडावंसं वाटत होतं की अहो, उठा, सहा वर्षांनी आलाय तो! गजानन फाटकाच्या आत आला, खुंटांच्या वाफ्याशी उकिडवा बसला आणि ऐकू लागला. 'उंबरा' सुरू झालं तसं त्यानं चमकून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यानं बरोबर ओळखलं. त्याचं तोंड उघडलं. मी हळूच मान हलवली, नको. त्यानं तोंड मिटलं.

गाण्यातला म्हातारा बोलला, भांडी थांबली, स्पीकर नुसता घुमत राहिला. तेव्हा अण्णा उठले. गुडघ्यांवर हात टेकत, सावकाश. मला वाटलं आता मिठी तरी मारतील, नाहीतर फाटकाकडे बोट तरी दाखवतील.

"हात धू," ते म्हणाले. "जेवून घे."

ते तेव्हा नियमासाठी बसून राहिले, की काय बोलायचं ते ठरवत होते म्हणून, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. गजानन चार दिवस राहिला आणि पुण्याला परत गेला. नोकरी तिथंच होती. पण मग दोन-अडीच महिन्यांनी यायला लागला, रविवार धरून. एकदा त्यानं चाकू हातात घेऊन दहा खुंटांत डोळे भरले. अण्णांनी ते नंतर बघून सांगितलं, "धातले दोन धरतील. बरं हाय, तुझ्या मानानं."

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. आठ दिवसांचं आजारपण, जास्त कुणाला त्रास नाही. तेराव्यानंतरच्या रविवारी आम्ही नर्सरीत जमलो. शांताबाईंनी सवयीनं गूळ फोडून ठेवला होता. फोन गजाननाच्या हातात होता आणि कुणालाच तो लावायचा धीर होत नव्हता. मला वाटलं, आता तरी मोकळं व्हावं. मी सगळं सांगून टाकलं. अल्बम उलटा आहे, मला दीड वर्षापासून माहीत होतं, अण्णांचं मन मोडू नये म्हणून बोलले नाही, मला माफ करा.

सय्यदभाईंनी टोपी काढून परत घातली. "मॅडम, उलटा है, ये तो मैंने अण्णा को चार साल पहले बताया. जालन्याला एका गाडीत ऐकलं होतं मी, सीधा वाला."

"मला बी ठाऊक होतं," शांताबाई म्हणाल्या. "माझ्यासमोरच बोलणं झाल्तं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही यायला लागल्यावर अण्णाच नको म्हणले," सय्यदभाई म्हणाले. "म्हणे, मॅडमला आत्ता कुठं गाणं समजून राह्यलंय. त्यांना बोलू नको, नाराज होतील."

म्हणजे दीड वर्ष मी ज्यांना सांभाळत होते, ते मलाच सांभाळत होते! हसावं की रडावं, मला कळेना. सरळ क्रम माहीत असून हा माणूस दर रविवारी उलटा ऐकायचा, आणि वर त्यावर डोळेही पुसायचा. मी सय्यदभाईंना विचारलं, "तुम्ही सांगितल्यावर अण्णा काय म्हणाले?"

सय्यदभाईंनी गजाननाकडे एकदा बघितलं. "आधी दोन रोपं बांधली. मंग म्हणले, सय्यद, पोराचं जाणं म्या डोळ्यानं बघितलंय. येणं तरी कानानं ऐकू दे."

गजानन वाफ्याकडे तोंड करून बसला होता. त्यानं फोनचं रबर नीट केलं, तो स्पीकरला जोडला आणि बटण दाबलं. ढोल, किंचाळणाऱ्या गिटारी, मोठा रस्ता. तिसऱ्या गाण्यात तो खोकला आला. तो मुद्दाम आहे की चुकून, हे मला आजही सांगता येणार नाही. माझा फोन पर्समध्ये थरथरत होता, मुख्याध्यापकांचा असावा. मी उठले नाही.