नळ चावतो

माझ्या वडिलांवर मी अजून रागावलेली आहे. ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, कानात यंत्र आहे, रस्ता ओलांडताना त्यांना माझा हात लागतो. तरीही राग जात नाही, आणि तो गेला पाहिजे असं मला वाटतही नाही.

आमचं घर नानाखेड्याच्या बाजूला आहे. बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा इथे शेतं होती, बस स्टँड नंतर आला. ते जळगावकडचे. रेल्वेत इलेक्ट्रिकल फिटर म्हणून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. घर त्यांनी एकेक खोली करत वाढवलं, आणि विजेचं, नळाचं सगळं काम स्वतःच्या हातानं केलं. बाहेरच्या मिस्त्रीला कधी आत पाऊल टाकू दिलं नाही. "एक काम करतील आणि दोन बिघडवून जातील," असं म्हणायचे.

मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. लग्न झालं, चार वर्षांत परत आले, आणि पुढच्या खोलीत मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं. पाण्याच्या मोटरी, कूलरचे पंखे, मिक्सर, जे येईल ते. वीस वर्षं झाली. अजूनही नवं गिऱ्हाईक दारातून आत डोकावतं आणि विचारतं, "मिस्त्रीजी कहाँ हैं?" मी म्हणते, "सामने बैठी हूँ।"

मागच्या हिवाळ्यात बाथरूमची भिंत ओली व्हायला लागली. आतला लोखंडी पाइप गंजून पाझरत होता. मी पहिल्यांदाच बाबांचं न ऐकता एका प्लंबरला फोन केला. तो "कल पक्का" म्हणाला. असं तीनदा म्हणाला. मंदिराच्या आसपास ज्याला त्याला यात्रेकरूंसाठी आपल्या घराचं लॉज करायचं होतं, दर खोलीला बाथरूम पाहिजे होतं, आणि गावातले सगळे प्लंबर तिकडे गुंतले होते. आमचा एक पाइप कोणाला दिसणार? तोवर ओल माझ्या दुकानाच्या भिंतीपर्यंत आली, तिथल्या फळीवर ठेवलेले तारेचे बंडल हलवावे लागले. शेवटी एका सकाळी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, छन्नी-हातोडी घेतली आणि टाइल्स फोडायला बसले.

पाइप उघडा पडला. पाना लावून सांधा सैल करत होते. पाय ओल्या फरशीवर, चपला बाहेर काढलेल्या. त्या दिवशी आमच्याकडे पाण्याची पाळी होती, एक दिवसाआड येतं. खालचा हौद भरला असणार, कारण बाबांनी पलीकडे वरच्या टाकीची मोटर चालू केली. त्याच क्षणी माझा हात खांद्यापर्यंत उडाला. पाना फरशीवर आपटला, मी मागच्या भिंतीवर.

मग मी मीटर आणलं. एक टोक नळाला, दुसरं ओल्या फरशीला. काटा शंभर व्होल्टच्या आसपास गेला. बाबांना ओरडून मोटर बंद करायला लावली, काटा शून्यावर. पुन्हा चालू करायला सांगितली, पुन्हा शंभर.

"काय चाललंय बेटा?" बाबांनी तिकडून विचारलं.

मी तिथेच बसून राहिले, कारण मला आई आठवली होती.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. कर्करोगानं गेली, त्याचा या करंटशी काही संबंध नव्हता. हे मी नंतर डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं. पण ती हिंडती-फिरती होती तेव्हापासून म्हणायची, "बाथरूमचा नळ चावतो गं." मुंग्या येतात नाही, झटका बसतो नाही, चावतो. बाबा म्हणायचे, "थंड पाण्यानं हात बधिर होतो तुझा." पुढे तिला डायबिटीस निघाला, तेव्हा बाबांना कारणच सापडलं. "शुगरनं नसा कमजोर होतात, डॉक्टरला विचार." डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आईनं विटामिनची इंजेक्शनं घेतली, गोळ्या घेतल्या, हातांना तेल चोळलं. नळ चावतच राहिला.

एकदा तिनं मला बोलावलं होतं. "तू बघ ना, तुला कळतं यातलं." मी टेस्टर घेऊन गेले, नळाला लावला. दिवा लागला नाही. लागणार कसा? मी पोचेपर्यंत टाकी भरली होती आणि बाबांनी मोटर बंद केली होती. मोटर चालू करून पाहावं हे मला सुचलं नाही. दिवसभर लोकांच्या मोटरी तपासणारी मी, बॉडीला करंट येतो का हे पाहिल्याशिवाय एकही नग दुकानातून बाहेर न सोडणारी मी! मी तिला म्हणाले, "काही नाहीये आई, वहम आहे तुझा." त्यानंतर तिनं मला पुन्हा बोलावलं नाही. नळाच्या चकतीला ब्रेडची प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, रबर बँड लावला आणि फरशीवर लाकडी पाट टाकून त्यावर उभी राहून आंघोळ करायला लागली. आम्ही दोघं त्या पिशवीवरून तिला हसायचो.

बाथरूम तसंच टाकून मी मागच्या अंगणात गेले. मोटर जुनी झाली की करंट थोडाफार बाहेर येऊ शकतो आणि लोखंडी पाइपातून नळापर्यंत पोचतो. त्याला सुरक्षित जमिनीत उतरवायला अर्थिंग असतं. तार जमिनीत खोल जाते, खाली तांब्याची पट्टी असते, भोवती कोळसा आणि मीठ. आमच्या मागच्या भिंतीवर बाबांनी लाल रंगानं 'अर्थिंग' असं लिहून ठेवलेलं आहे, खाली बाण काढलेला. बाणाखाली हिरवी तार मातीत शिरलेली दिसते. मी कुदळ घेतली आणि तारेच्या बाजूनं खणायला लागले.

वीतभर खाली तार संपली.

खाली काही नव्हतं. पट्टी नाही, कोळसा नाही, खड्डासुद्धा नाही. टोक नीट वळवून मातीत पुरलेलं. काळी माती, तिच्यात गांडुळं.

ती तार हातात धरून मी आत गेले. बाबा खाटेवर बसून मटार सोलत होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी तारेकडे पाहिलं. त्यांना लगेच कळलं. "ते... खणताना दगड लागला होता."

"मग?"

"मग पाऊस लागला. नंतर करू म्हटलं. राहून गेलं."

"राहून गेलं? भिंतीवर लिहायचं राहून गेलं नाही! बाण काढायचा राहून गेला नाही!"

"ओरडू नको. इतकी वर्षं काही झालं का?"

"आई सांगत होती तुम्हाला! नळ चावतो, नळ चावतो, रोज सांगत होती!"

बाबांनी मटाराची ताटली बाजूला ठेवली. मग अगदी सहज, दुकानात कोणी शंका विचारावी आणि तिचं उत्तर द्यावं तसं ते म्हणाले, "अगं, तेवढा तर मलाही लागायचा. तेवढा काही लागणं नसतं. आमचं आयुष्य गेलं त्यात."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुम्हाला लागायचा?"

"लागायचा की. सवय होते."

त्यांनाही लागायचा. आणि ते तिला सांगत होते की तुझ्या नसा कमजोर आहेत.

मी ताटली उचलून भिंतीवर फेकली. मटार खोलीभर झाले. आयुष्यात मी बाबांसमोर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी काय काय बोलले ते मला सगळं आठवतही नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, "तुम्ही फिटर नाही, तुम्ही खोटारडे आहात." त्यांनी कानातलं यंत्र काढून उशाशी ठेवलं. तेव्हा मला त्यांचा आणखी राग आला.

दुपारी मी देवासला मावशीला फोन केला. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती मला सांगायची गं. म्हणायची, घरात दोन-दोन जाणकार आहेत आणि दोघंही नाही म्हणतात, म्हणजे मीच वेडी असेन." मी फोन ठेवला आणि भिंतीला डोकं टेकून रडले. ते रडणंही दुःखाचं कमी आणि चिडीचंच जास्त होतं.

पुढचे पंधरा दिवस दुकानात मी फक्त सकाळचं काम केलं. दुपारी घर. मोटर खोलली, तिचं वाइंडिंग बाबांनीच केव्हातरी भरलेलं होतं, आतला इन्सुलेशनचा कागद जळून तार बॉडीला टेकली होती. ते सगळं उपटून नवं भरलं. लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे टाकले. बोर्डात करंट गळला की ट्रिप होणारा नवा स्विच बसवला. आणि अंगणात खड्डा खणला. बाबांना जो दगड लागला होता तो मलाही लागला. मुरुमाचा थर होता, पहारीनं दोन दिवसांत फुटला. दोन दिवस! मी त्या खड्ड्यात कमरेपर्यंत उभी राहून मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. शेजारच्या बाई गच्चीवरून विचारत होत्या, "सब ठीक तो है ना दीदी?"

शेवटच्या दिवशी बाबा काठी टेकत आले. खुर्ची ओढून खड्ड्याच्या कडेला बसले. थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कोळसा बारीक कर. मोठा ठेवलास तर पोकळी राहते."

"तुम्ही मला अर्थिंग शिकवू नका," मी म्हणाले.

ते उठले नाहीत. मी कोळसा बारीक केला, कारण ते म्हणत होते ते बरोबर होतं. त्याचाही राग आला.

काम झालं. मोटर चालू करून मी मीटर लावलं, काटा हलला नाही. अनवाणी, ओल्या फरशीवर उभी राहून नळ धरला. काही नाही. नुसतं पाणी.

आता घरात आम्ही बोलतो. जेवण, औषधं, बिलं, एवढं बोलतो. दुकानात कोणी बाई मिक्सर घेऊन आली आणि म्हणाली की हात लावला की कसंतरी होतं, तर मी हातातलं काम सोडून तिचं आधी पाहते. गेल्या महिन्यात गावातल्याच देवास गेटकडचा एक माणूस मोटर घेऊन आला. म्हणाला, "चल तो रही है, बस घरवाली को वहम है कि करंट मारती है।" मी विचारलं, "आपने हाथ लगाकर देखा?" तो हसला. "हल्का-सा है, उतना तो चलता है।" मी त्याला इतकं झापलं की तो मोटर उचलून दुसऱ्या दुकानात निघाला. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि ठीक झाल्याशिवाय देणार नाही म्हणून सांगितलं.

तो गेल्यावर बाबा आतून दारापर्यंत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चौकट धरून उभे राहिले.

"तुझी आई किती वर्षं सांगत होती?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"नऊ?" ते विचारात पडले. "मला चार-पाच वाटत होती."

मी मोटरचे बोल्ट खोलायला घेतले. पाना दोनदा निसटला. बाबा तिथेच उभे होते, आणि मी मान वर केली नाही.