बँक शोधत ठाण्यात आलेला म्हातारा

ती घटना आठवली की आजही हायसं वाटतं. सोलापुरात त्या दुपारी ऊन असं, की ठाण्याच्या पत्र्यावर कावळा बसला तर भाजूनच खाली पडावा. त्यातून करमाळ्याकडचा एक म्हातारा मेंढपाळ आत आला आणि ठाणे अंमलदाराला म्हणाला, "सायेब, शुक्रवार पेठंत आमची बँक कुटं हाय?"

त्याची तक्रार काहीच नव्हती. लेकीला नर्सिंगला घालायचं म्हणून त्यानं निम्मा कळप विकला होता. ओळखीच्या एका एजंटनं कॉलेज उघडेपर्यंत दीडपट करून देतो म्हणत, ते पैसे म्हाताऱ्याच्याच मोबाइलवरून एका ॲपवाल्या बँकेत वळते केले होते. बँकेचा पत्ता त्यानं नुसता शुक्रवार पेठ असा सांगितलेला, म्हणून सकाळपासून म्हातारा पेठेतली गल्ली न् गल्ली फिरला होता. हवालदार हसू लागले, तसा म्हातारा म्हणाला,

"दुसऱ्याच्या कळपात मेंढरं सोडली तरी मानूस बघून येतो की. पैसं बघाया नगं व्हय?"

मी, त्या ठाण्याचा इन्स्पेक्टर, मात्र हसलो नाही. परवाना नाही, पाटी नाही आणि दीडपट! म्हाताऱ्याकडून एजंटचा नंबर घेतला, माग काढला आणि साध्या वेशातले दोघे पाठवले. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्याच्या गेटवर एजंट कामगारांची खाती उघडत होता. तिथूनच उचलला.

माझ्या आवाजानं दोन पेठांतली भांडणं मिटायची असं लोक म्हणतात, मी कधी नाकारलं नाही. पण हा पठ्ठ्या ढिम्म. उलट मलाच अर्थशास्त्र शिकवू लागला. इतर बँकांवर नियमांचं ओझं, म्हणून व्याज कमी. आमच्यावर नियमच नाहीत, म्हणून जास्त. पहिलं व्याज सगळ्यांना वेळेवर मिळालं, कुणालाही विचारा. ते खरंच होतं. नव्याच्या ठेवीतून जुन्याला व्याज द्यायचं, मग जुना खूश होऊन मेव्हण्याला घेऊन येतो, एवढाच तो धंदा. पण पैसे आहेत कुठं, या प्रश्नाला एकच उत्तर: ऑनलाइन. म्हाताऱ्याच्या मोबाइलवरही नुसतं ॲपचं नाव दिसत होतं, खाते क्रमांक नाही.

शेवटी मी आवाज उतरवला, चहा मागवला आणि म्हणालो, "निवृत्ती जवळ आली माझी. फंडाचे पैसे तुमच्याकडं ठेवले तर?"

गडी संशयिताचा पुन्हा एजंट झाला. "साहेब, तुम्हाला स्पेशल रेट लावतो की."

"भरू कुठं?"

त्यानं खाते क्रमांक घडाघडा म्हणून दाखवला. आमच्या रायटरनं, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकानं, लगेच टिपून घेतला. तपासासाठी की स्वतःसाठी, ते मी अजून विचारलेलं नाही.

नियमांना नावं ठेवणाऱ्या बँकेचं खातं निघालं नियमातल्याच बँकेत, शहरातल्या एका शाखेत! सायबर शाखेनं ते तातडीनं गोठवलं. रक्कम पुढं पाठवायची सूचना तिथं येऊन पडलेली होती. संध्याकाळपर्यंत सगळं परराज्यात गेलं असतं.

म्हाताऱ्याला सांगितलं, पैसे वाचले. त्यानं आधी लेकीला फोन लावला. "न्हाय गं, काय न्हाय झालं. तू फारम भर."

फीची मुदत संपायच्या आत कोर्टाच्या आदेशानं पैसे त्याच्या हातात पडले. कोर्ट इतकं चपळ झालेलं मी साऱ्या नोकरीत दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

माणूस हावेनं फसतो म्हणतात. मला नाही पटत. तो फसतो वेळेवर आलेल्या पहिल्या व्याजानं. वेळ पाळणाऱ्यावर संशय कोण घेणार? त्यात एजंट ओळखीचा, रोज रामराम घालणारा, मग परवाना दाखव म्हणायची लाज वाटते. चोराला मी बेड्या घालू शकत होतो. ती लाज मात्र ज्याची त्यानंच मोडायची. तिच्यावर कुठल्या कायद्यात कलम नाही.