रकानेबुवांचा तांबडा रकाना

"आधी काय झालं ते सांगा," असं म्हणून ते टाक दौतीत बुडवायचे आणि तसाच वर धरून बसायचे. शाई धोतरावर ठिबकली तरी चालेल, पण उत्तर मिळेपर्यंत टाक कागदाला लागायचा नाही.

पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि हे तिथले कारकून, रोग्यांचं रजिस्टर लिहीत. रोगाच्या नावापुढे जाड सरकारी पुस्तकातला आकडा टाकायचा, एवढंच काम. पण या गृहस्थांनी पानापानावर तांबड्या शाईनं एक जादा रकाना आखलेला : 'आधी काय झालं'. म्हणून ते रकानेबुवा. तुम्ही नुसते शिंकलात तरी तुमची वंशावळ निघायची!

मारामारीची केस आली की त्यांना भलताच हुरूप. डॉक्टर म्हणायचे, "लिहा, माथेफिरू." हे म्हणायचे, "साहेब, कुत्रा चावला तरी शेपटीवर पाय कुणी दिला ते विचारतात."

एकदा मावळातल्या एका फिटरनं फोरमनच्या डोक्यात पाना घातला. मॅनेजर स्वतः त्याला घेऊन आले. त्यांना 'हिंसक वेड' असा शेरा हवा होता. तो पडला की फिटरची रवानगी थेट वेड्यांच्या इस्पितळात. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

"आधी काय झालं?"

"बायकू अडली व्हती. सुट्टी मागितली, तर फोरमन हसला. म्हनला, तू काय सुईण हायस? तवा हाणला."

रकानेबुवांनी शब्द न् शब्द लिहिला. मॅनेजरांनी ते पान टरकावलं. पुढच्या क्षणी दौत त्यांच्या पांढऱ्या पँटवर! साहेब गुडघ्यापर्यंत निळे. हसू दाबताना माझ्या हातचं मिक्श्चर सांडलं.

एरवी शेळी असलेल्या डॉक्टरांनाही त्या दिवशी कुठून धीर आला कोण जाणे. फिटर शहाणा आहे, असं त्यांनी मॅनेजरांसमोर लिहून दिलं. त्याची नोकरी गेली, पण माणूस बायकोकडे गेला.

रकानेबुवांनी नवं पान काढलं. निळी शाई संपलीच होती, म्हणून सगळं तांबड्यानं. रोगी : स्वतःचं नाव. रोग : दौत फेकून मारली. मग टाक माझ्यापुढे धरला.

"आधी काय झालं ते तुम्ही लिहा. तुम्ही पाहिलंत."

मॅनेजर माझ्याकडे बघत होते. मला नोकरी हवी होती.

"मी बाटल्या धूत होतो," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

ते रागावले नाहीत. टाक पुसून ठेवला, टोपी घातली आणि गेले. पुन्हा कधी दिसले नाहीत. मला त्या वाक्याची अजून लाज वाटते.

ते रजिस्टर पुढे कितीतरी दिवस माझ्या टेबलावर होतं. तो एक रकाना कोराच राहिला.