आवाज एकवर

किस्से कोणी जमवत बसत नाही. ते घरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे साठतात. फेकवत नाहीत, कामाला येत नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात! आमचं तिघींचं तसंच झालंय. रेखा, वंदना आणि मी. भुसावळजवळच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत एकत्र वाढलो. आता रेखा पारोळ्याला, वंदना धुळ्यात देवपूरला, मी जळगावात. भेटलो की आधी गुडघे, मग थायरॉईड, मग मुलांची लग्नं. आणि चहा संपत आला की कोणीतरी म्हणतं, "ए, ती कॅसेट!"

ती कॅसेट म्हणजे एका परदेशी बाईचा रॉक अल्बम. रेखाच्या मामेभावाने पुण्याहून आणलेला. बाईचं नाव सांगत नाही. उगाच तुम्ही शोधून ऐकाल आणि म्हणाल, "एवढं काय आहे त्यात?" कव्हरवर ती बनियन घालून, केस विस्कटून, मांडीवर गिटार आडवी टाकून बसलेली. आवाज असा, की हिचा घसा बसलाय असं वाटावं आणि पुढच्याच ओळीला हिने छप्पर उडवावं. आमचं कॉलेजचं वय त्या बाईने घडवलं. फक्त एक गोष्ट राहून गेली. तो अल्बम आम्हाला कित्येक वर्षांत एकदाही मोठ्या आवाजात ऐकता आला नाही!

आणि आता रेखाचे कान चाललेत. उजवा गेल्यात जमा आहे, डावा त्याच वाटेवर. तिचं एकच म्हणणं होतं, "एकदा फुल्ल आवाजात ऐकू दे गं. मग जाऊ देत." एवढंसं काम. पण बायकांच्या आयुष्यात एवढंसं कामच होत नाही.

*

आमच्या कॉलनीत सगळे बाप शिफ्टला. नाईट करून आलेला बाप दिवसा झोपतो आणि बाप झोपला की घराने श्वाससुद्धा जपून घ्यायचा. खिडक्यांना जाड चादरी, बेलची वायर काढलेली, कुकरला सुट्टी, डाळ पातेल्यात. भावंडं भांडायला जिन्यात जायची. अशा घरांत आम्हाला रॉक ऐकायचा होता!

टेपचं बटण एकवर. त्याच्या खाली शून्य. गोधडीच्या आत टेप आणि टेपला चिकटलेली तीन डोकी. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी ती बाई जीव तोडून किंचाळते. आम्हाला ते पलीकडच्या बिल्डिंगमधून कोणी दूधवाल्याला हाक मारावी तसं ऐकू यायचं. तरी अंगावर काटा यायचाच.

एकदा रेखाच्या आईने, लीलाकाकूंनी, गोधडीच उचलली. "कोण रडतंय?"

"इंग्लिशचा धडा आहे," रेखा म्हणाली.

काकूंनी ती किंकाळी संपेपर्यंत शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "अवघड दिसतोय. पण जरा हळू शिका, आबा झोपलेत."

*

तिघींचे बाप एकाच वेळी दिवसपाळीला असण्याचा योग फार क्वचित यायचा. एकदा आला. आयासुद्धा कुठल्याशा बारशाला गेलेल्या. शेजारच्या घराला कुलूप! आम्ही टेप टेबलावर ठेवला, खिडक्या लावल्या, रेखाने बटण धरलं. आणि बाहेर वादळ सुटून निंबाचं झाड तारेवर पडलं. लाईट गेले.

सेल शोधले. घरातले सेल बॅटरीत होते आणि बॅटरी रेखाच्या वडिलांच्या, आबांच्या डब्याच्या पिशवीत, म्हणजे ड्यूटीवर.

वंदना खिडकीतून चिमण्यांकडे बघत बसली. वीजकेंद्राच्या चिमण्या निवांत धूर सोडत होत्या. म्हणाली, "अख्ख्या महाराष्ट्राला वीज देतात आपले बाप. आपल्याला चार सेल देईनात!"

*

पुढे रेखाने भुसावळच्या पार्लरमध्ये जाऊन त्या बाईसारखे केस कापून घेतले. कमरेपर्यंतची वेणी गेली. लीलाकाकूंनी दोन दिवस अन्न गोड लागू दिलं नाही. आबांना सांगायची हिंमत कोणाला होईना. ते नाईट करून आले, झोपले, उठले, चहाला बसले. समोरून रेखा गेली. आबा शांत माणूस, ओरडणं माहीत नाही. गावाकडची अहिराणी मात्र त्यांनी कधी सोडली नाही. कपातला चहा संपवून त्यांनी काकूंना विचारलं,

"हाऊ कोन्हा पोऱ्या शे? जेवाले थांबी का?"

*

त्या बाईकडून आम्ही काय शिकलो, असं माझ्या मुलाने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, ठासून 'नाही' म्हणायला शिकलो. पण शिकलो ते आवाज एकवर ठेवून. त्याचा पुरावा म्हणजे वंदनाचं लग्न.

बघायला धुळ्याची मंडळी आलेली. मुलगा प्राध्यापक. बैठकीत त्याच्या काकांनी विचारलं, "लग्नानंतर नोकरी सोडशील ना, बेटा?" वंदना तेव्हा नुकतीच शाळेवर लागलेली. आदल्या दिवशी आम्ही तिच्याकडून तालीम करून घेतली होती. मान वर, डोळ्यात डोळे, आणि ठणकावून "नाही!"

ती म्हणाली. अगदी "नाही"च म्हणाली. पण ते शेजारी बसलेल्या मलाही जेमतेम ऐकू आलं. वडीलधाऱ्यांनी ओठ हललेले पाहिले, होकार समजले आणि पेढ्यांचा बॉक्स फुटला!

लग्नानंतर शाळा उघडायच्या आदल्या दिवशी वंदना रडवेली होऊन बसली होती. नवऱ्याने तिची पर्स आणि डबा समोर ठेवला. म्हणाला, "मला ऐकू आलं होतं. पण तोवर तोंडात पेढा होता."

*

कॅसेट लग्नात रेखाबरोबर पारोळ्याला गेली. लोखंडी कपाटात, शालूच्या घडीत. एकत्र कुटुंब, कापसाचा व्यापार, घरात सतत माणसं. दुपारी सासरे झोपणार, रात्री नवरा थकलेला. टेपरेकॉर्डरवर सासूबाईंची भजनं. रेखाला नुसतं कव्हर बघून समाधान मानावं लागायचं.

एकदा सासूबाईंच्या हातात ते कव्हर लागलं. "ही कोण गं?"

रेखाने ठोकून दिलं, "लांबची मावशी आहे. मुंबईची."

सासूबाईंनी चष्मा लावला. बनियन बघितलं, विस्कटलेले केस बघितले. कव्हर परत शालूत ठेवलं आणि वरून घडी नीट केली.

"मावशीला एक स्वेटर पाठव," म्हणाल्या.

*

नंतरची वर्षं कुठे गेली ते विचारू नका. आधी पोरं झोपलेली असायची, मग पोरांच्या परीक्षा, मग सासऱ्यांचं आजारपण. आमच्यापैकी कोणी ना कोणी कायम कोणाला तरी उठवायचं नाही म्हणून चवड्यावर चालत होतं. मध्येच कधीतरी ती कॅसेट टेपने खाल्ली. माझ्या मुलाने सगळा अल्बम दोन मिनिटांत मोबाईलवर शोधून दिला. इतकी वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट अशी दोन मिनिटांत मिळाली की आनंद होत नाही, थकल्यासारखं होतं.

एका दिवाळीनंतर रेखा माझ्याकडे जळगावला आली. मुलाने मोठा स्पीकर आणलेला, नवरा गावाला. म्हटलं, आज लावूच. तेवढ्यात खालून लग्नाची वरात आली. डीजे इतका मोठा की शोकेसमधल्या कपबशा चालायला लागल्या. वरात आमच्या गेटसमोरच अडकली. सगळी सोसायटी गॅलरीत उभी राहून कौतुकाने बघत होती.

वरात गेल्यावर आम्ही आमचं गाणं लावलं. पहिलं कडवंही झालं नसेल, बेल वाजली. वरचे कुलकर्णीकाका.

"वहिनी, जरा लोकांचा विचार करा. अहो, आत्ताच कुठे शांत झालंय."

रेखा शेजारीच उभी होती. तिला ते काय म्हणाले ते कळलं नाही. तिने हसून त्यांना चहा विचारला.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हिला ऐकू येत नाहीये. मी स्पीकर बंद केला.

*

जळगावच्या कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. तरुण मुलगा, फार सभ्य. तपासून झाल्यावर म्हणाला, "मावशी, तरुणपणी मोठ्या आवाजात गाणी ऐकायची सवय होती का?"

रेखाला प्रश्न ऐकू आला नाही. मी तिच्या डाव्या कानाशी जाऊन ओरडले, "मोठ्या आवाजात गाणी ऐकायचीस का, विचारताहेत!" बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारातून डोकावले.

रेखा इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टर, तेवढंच तर राहिलंय हो!"

मग त्याने समजावून सांगितलं. मशीन लागेल. बोलणं बरंचसं कळेल. गाणी मात्र पूर्वीसारखी लागणार नाहीत, पत्र्यावर वाजवल्यासारखी वाटतील. आणि डावा कान स्वतःच्या बळावर फार दिवस साथ देणार नाही.

रिक्षात बसल्यावर रेखा म्हणाली, "म्हणजे सून काय बोलते ते ऐकू येईल आणि गाणं नाही. भारीच सौदा झाला!"

*

लीलाकाकू गेल्यापासून आबा रेखाकडेच असतात. वय झालंय, काठी लागते, पण कान ठणठणीत. नोकरी सगळी टर्बाइनच्या शेजारी काढली आणि तरी शेजारच्या घरातली कुजबुज कळते माणसाला! "ज्यांचे जायचे त्यांचे गेले नाहीत," रेखा म्हणते.

मागच्या महिन्यात त्यांच्या मोतीबिंदूच्या तपासणीसाठी दोघं जळगावला आली होती. परत सोडायला मी गाडी काढली. रेखा पुढे, आबा मागे. एरंडोल मागे पडलं तशी आबांची मान खिडकीला टेकली. डोळ्यांवर दवाखान्यातलं हिरवं कापड, तोंड अर्धवट उघडं.

रेखाने कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी पर्समध्ये टाकली.

"लाव," म्हणाली.

मी मागे बोट दाखवलं. आबा झोपलेत.

"उषा, लाव!"

काचा वर होत्या. दोन्ही बाजूंना कपाशी, पुढे केळीचा एक ट्रक. ना सोसायटी, ना सासरा, ना कोणाची परीक्षा. मी तिसरं गाणं लावलं आणि बटण फिरवत गेले. पाच, दहा, वीस. ड्रम सुरू झाले तशी दारं थरथरायला लागली. गिटार छातीत वाजत होती. हेच गाणं होतं ते? आम्ही गोधडीत ऐकलं ते या गाण्याचं नखसुद्धा नव्हतं. रेखाने डावा कान स्पीकरला लावला होता आणि एक हात दारावर पसरला होता. डोळे मिटलेले. ओठांवर एकेक शब्द बरोबर येत होता. मला एकदम भरून आलं. रस्ता दिसेना म्हणून मी गाडी हळू केली.

तेवढ्यात मागून आवाज आला. आबा ताठ बसले होते. कापड कपाळावर सरकवलेलं.

"रेखा! आवाज कमी कर वं! कान फुटी जातीन मन्हा!"

रेखाला काहीच ऐकू आलं नाही. पण मी आरशात बघतेय हे तिने पाहिलं. मान वळवली, तर आबांचे ओठ हलत होते. तिने माझा दंड धरला.

"काय म्हणताहेत आबा?"

आता ती बाई किंचाळायच्या बेतात होती.

"मोठा कर म्हणताहेत!" मी तिच्या डाव्या कानाशी ओरडले.

रेखा आबांकडे बघतच राहिली. मग हात पुढे करून तिने बटण शेवटपर्यंत फिरवलं.