बोनकोड्याचं जातं

आधीच सांगते, मी भूतखेत, देवदेवस्की मानणाऱ्यातली नाही. आमच्या साताऱ्याच्या ऑफिसात कुणी असलं काही सुरू केलं की सगळ्यात आधी फिदीफिदी हसायची ती मीच. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय... आता कुणाला हसू?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ट्रेनिंगसाठी आठवडाभर वाशीला आले होते, जीव मात्र घरी. अर्धांगवायू झाल्यापासून पाच महिने आईच्या तोंडून शब्द नव्हता. ती मला ओळखते की नाही, तेही समजत नव्हतं.

शनिवारी सुट्टी, म्हणून जवळच्या बोनकोडे गावात एक घरगुती म्युझियम बघायला गेले. रिटायर्ड मास्तरांनी पडवीत मांडलेलं. बिल्डिंगांचे पाये खणताना निघालेल्या वस्तू – खापरं, एक वीरगळ आणि एक भलंमोठं दगडी जातं. फार जुनं, म्हणाले. लाकडी खुंटा तेवढा त्यांनी नवा ठोकलेला.

लहानपणी आईसमोर बसून मी रोज दळलंय. हात शिवशिवले. बसले खाली आणि रिकामंच ओढलं. जेमतेम अर्धा फेरा झाला, तोच मास्तरांच्या बायको ओरडल्या, "कोरं जातं फिरवू नको बाय! घराला लागतं. थांब, तांदूल आनते."

मानत नसूनही मी खुंट्यावरचा हात काढला. घरी आई तशी पडलेली ना...

मूठभर तांदूळ देऊन त्या चहा ठेवायला गेल्या. मास्तरही आत. मी दाणे घातले, दोन्ही हातांनी जोर लावला. छे! हलेचना. रडूच यायला लागलं. आणि एकदम जातं हलकं झालं. समोरून कुणी ओढावं तसा खुंटा माझ्या हाताच्या पुढे पुढे जायला लागला. पडवीत मी एकटी. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. वहिनी रडत होती.

"वन्सं, आई बोलल्या!"

"कधी?"

"दुपारी, बारा वाजून गेल्यावर. पेज भरवत हुते मी. तो लुळा हात गोल गोल फिरवाय लागल्या आन् म्हनल्या, 'एकटीला न्हाय ओढायचं तुला... सर जरा, मी धरते.' कुनाला म्हनल्या, काय ठावं!"

जात्याचं मी वहिनीला अजून सांगितलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, असा एखादा शब्द येतो कधीकधी. असेल. पण हाच? आणि त्याच वेळी? इतकी वर्षं झाली, मला अजून काही उलगडा नाही.

आई नंतर बोलली नाही. दिवाळीआधी गेली. ती मला ओळखते का, हे मात्र मी त्या दिवसानंतर कुणालाच विचारलं नाही.