खराब नग सगळ्यात वर

माझं अक्षर किरटं आहे, आणि वेलांटी कुठे लांब, कुठे आखूड, ते मला चौथीतही कळलं नव्हतं. पुढे शाळाच सुटली. हे मी माझ्यापुरतं लिहिते आहे, पण कुणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घाला.

यांची मिल बंद पडली तेव्हा आम्ही इंदूरला छत्रीबागेत भाड्याने राहत होतो. हिशोबाचे पैसे आज मिळतील, उद्या मिळतील, म्हणून हे रोज मिलच्या गेटावर जाऊन बसायचे. मला शिलाई येत होती. मल्हारगंजच्या एका शेठकडे कापलेल्या परकरांचे गठ्ठे मिळायचे, ते घरी शिवून परत द्यायचे. पण गठ्ठा नेणारीला आधी डिपॉझिट भरावं लागे. माल बिघडवला तर शेठ ते ठेवून घेई. डिपॉझिटचे पैसे महूच्या माझ्या मोठ्या नणंदेने दिले. तिच्या मालकांना फौजेतून निवृत्त होताना मिळालेल्या रकमेतले ते, मुलीच्या लग्नासाठी राखलेले. लग्नाआधी परत कर, एवढंच ती म्हणाली.

माझ्या एकटीच्या शिलाईने ते फिटणार नव्हते. माझं माहेर मानपूरचं. तिथे बऱ्याच घरी मशिनी होत्या, काम नव्हतं. मी जास्त गठ्ठे उचलून बसने मानपूरला धाडू लागले. कंडक्टर ओळखीचा होता. तो तिकडे गठ्ठा उतरवी, शिवलेला इकडे आणी. शिलाईतला थोडा हिस्सा मला राही.

छत्रीबागेतल्या ज्या शेजारणी माझे गठ्ठे शिवत, त्या माझ्यासमोर असत. कुणाच्या मशीनचा पट्टा तुटला, कुणाचं मूल तापलं, सगळं भिंतीपलीकडून कळे. मानपूरचं काहीच दिसत नव्हतं. तिकडून परकरांचे नाडीचे नेफे वाकडे येऊ लागले, तेव्हा काय करावं सुचेना. हे म्हणाले, मिलमध्ये जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, दंड लावायचा, मग काम बरोबर सुधारायचं. माहेरच्या बायकांना तोंडावर काही बोलणं मला जमलं नसतं, त्यामुळे दंडच सोपा वाटला. खराब नगाचे पैसे कापले जातील, असा कंडक्टरच्या हाती निरोप पाठवला.

काम सुधारलं असं वाटलं. गठ्ठे चापूनचोपून बांधलेले येत. वरचा परकर उलगडावा तर टाके एका रेषेत. मी वरचा-खालचा नग बघून माल शेठकडे देत गेले. मग एक दिवस शेठने दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, गठ्ठा मधोमध उघडला. आतल्या परकरांचे नेफे उसवलेले, घेर एका बाजूला लोंबणारा.

"बाईजी, ऊपर मलाई और अंदर छाछ?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. हा गठ्ठा नीट करून आणा, पुन्हा असा आला तर डिपॉझिट विसरा, एवढं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

नणंदेचे पैसे बुडाले असते तर तिला तोंड कसं दाखवणार होते? मी मानपूरची बस धरली. वाटभर मनात वाक्यं जुळवली, पोचल्यावर एकही आठवलं नाही. आईच्या शेजारच्या मामीच्या ओट्यावर शिवणाऱ्या सगळ्या जमल्या होत्या. मी खराब परकर पुढे ठेवला. कुणी चहा आणून दिला. शेवटी मामीच म्हणाली,

"वर ठेवला असता तर तू पैसे कापले असतेस. मधी ठेवला तर सुटत होते. आता तूच सांग, आम्ही कुठं ठेवायचा?"

ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती.

"ती आता इंदूरची शेठाणी झाली, भिया," दुसरी इंदुरी थाटात म्हणाली, "निरोपावरच बोलते."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग मला बोलता आलं. शेठच्या दुकानातूनच कापड तिरकं कापून येत होतं, म्हणून घेर जुळत नव्हता, हे तेव्हा कळलं. कुणी कळवलं नव्हतं, कारण बिघाड कळवला की दंड आलाच.

"दंड बंद," मी म्हणाले. "खराब नग सगळ्यात वर ठेवा. का बिघडला ते कंडक्टरला सांगून पाठवा."

घरी हे म्हणाले, आता बघ, गठ्ठाभर खराबच येतील. पहिल्या गठ्ठ्यात वर खरोखरच ढीग आला. पण वर होते म्हणून लगेच उसवून शिवता आले, आणि खालचा माल मी निर्धास्त देऊ शकले. तिरकं कापड शेठपुढे नेऊन ठेवलं. त्याने कापणाऱ्या कारागिराला हाक मारली आणि जे बोलायचं ते त्याला बोलला. हळूहळू वरचे नग कमी झाले. मी मात्र अधूनमधून मानपूरला जात राहिले, काही काम नसलं तरी. चहा घ्यायचा, ओट्यावर बसायचं, परत यायचं.

नणंदेला मी जमेल तसे पैसे देत गेले. शेवटचे घेऊन महूला गेले तेव्हा तिच्या घरी लग्नाचे गहू निवडायला घेतले होते. तिने हात झटकून नोटा घेतल्या आणि थबकली.

"अगं, फाटकी नोट वर ठेवलीस? लोक मधी घालतात."

मी म्हटलं, ताई, आमच्यात वरच ठेवतात. बदलून आणू का, असंही विचारलं. ती नको म्हणाली, बँकेतून आमचे हे बदलून आणतील. बाकीच्या नोटा तिने मोजल्या, कपाटात ठेवल्या आणि परत गव्हाच्या सुपापाशी येऊन बसली.

"फिटले सगळे," ती म्हणाली, आणि सूप माझ्याकडे सरकवलं.