लेडी ऑर्गनायझरचे वाण

निखिल, सई,

परवा फोनवर निखिल म्हणाला, नव्या नोकरीत पगार नाही, पण कमाईला मर्यादाही नाही. मी काही बोलायच्या आत त्याने फोन ठेवला, म्हणून तुमची ही आजी लिहिते. बी.ए. होऊन वर्ध्याला परतले तेव्हा, पन्नासच्या दशकात, मीही अशीच नोकरी केली आहे.

माझा हुद्दा होता लेडी ऑर्गनायझर. कंपनी चेहऱ्याची पावडर विकायची. नागपूरचे मॅनेजर साहेब नुकत्याच ग्रॅज्युएट झालेल्या मुलीच घ्यायचे. अशा मुलींना नातेवाईक पुष्कळ असतात आणि प्रश्न विचारायचा संकोचही. कमिशन म्हणजे डबा विकला तर छोटासा वाटा; नाही विकला तर पायपीट तुमची. नालवाडीपासून सिंदीपर्यंत मी हिंडले. मामीने एक डबा घेतला, तोही दया येऊन. होळीपर्यंत जम बसला नाही, तर आलेल्या स्थळाला होकार, असे बाबांनी बजावले होते.

साहेब म्हणाले, "मिस, संक्रांत आहे. हळदीकुंकू ठेवा. आधी डबा हातात द्या, मग किंमत सांगा. हे सेल्सचं सायन्स आहे."

पेटीभर डबे घेऊन ते स्वतः आले आणि बायकांत कसे बसणार, म्हणून ओसरीवर बसले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बाईला काहीतरी भेट देतात, तिला वाण म्हणतात. मला हे लहानपणापासून ठाऊक होते. पण डोक्यात सायन्स शिरले होते. मी कुंकू लावून डबा हातात द्यायची आणि किंमत सांगायला तोंड उघडेपर्यंत तो पदराआड जायचा.

"पोरगी शिकली तं वाण सुधरलं," शेजारच्या सरूकाकू म्हणाल्या.

मी कशीबशी किंमत सांगितली. त्यांनी मला निरखून पाहिले.

"हळदीकुंकवाले बलावून पैसे मांगून राह्यली काय वो?"

सगळ्या हसल्या आणि डब्यांसकट घरी गेल्या.

रिकामी पेटी पाहून साहेबांनी माझे अभिनंदन केले. मग कलेक्शन मागितले. आई दारातूनच म्हणाली, "बायाईनं वाण नेलं, साहेब. वाण कोणी वापस मांगते काय?"

साहेब पावडर न लावताच पांढरे झाले.

"हे मी तुमच्या पगारातून कापीन."

"कोणत्या पगारातून?" मी विचारले.

तेवढ्यात बाबा बाहेर आले. आता संपले, असे मला वाटले. बाबांनी पेटी उचलून साहेबांना टांग्यात बसवून दिले. परत येऊन म्हणाले, "त्या स्थळाले नाई म्हणून कळवतो. असे प्रश्न विचारतं, तं पोरं शिकव."

जूनमध्ये मी शाळेत लागले.

निखिल, कमाईला वर मर्यादा नाही हे कळले. खाली कुठे तळ आहे का, तेवढे विचारून घे.

ती कंपनी पुढच्या संक्रांतीपर्यंतही टिकली नाही. शाळेची पेन्शन अजून दर महिन्याला येते.